बुरुजातला वाढदिवस

माझ्या लेकीच्या, तनयाच्या, जर्मन मैत्रिणीचा वाढदिवस चक्क जुन्या राजाच्या किल्ल्यात, कैद्यांच्या बुरुजात होता. "च्यूस, बाय बाय, पाचला न्यायला या!" म्हणत त्या मैत्रिणीच्या आईने आम्हा पालकांना दारातूनच कटवलं. इथे जर्मनीत रीतच तशी!

मुलांना बुरुज दाखवायला आलेल्या, पहारेकऱ्याच्या वेशातल्या गाइडचा मला पहिल्यापासून संशय आला. "भिंती इतक्या जाड, की कैद्याचं ओरडणं बाहेर यायचंच नाही," हे काय हसत सांगायचं? बाकीच्या आया कॉफीला गेल्या. मी दाराला कान लावून बसले.

पाचला सगळी मुलं बाहेर आली. तनया नाही!

"कुठाय माझी मुलगी?" मी किंचाळलेच.

"कोठडीत," गाइड अवघडून म्हणाला. "कैदी-कैदीचा खेळ संपवून सुटका केव्हाच केली, पण ती म्हणतेय, 'इथे आई येऊ शकत नाही ना? मग मी इथेच राहते.'"