तिसरं ‘येतो’

पेटीचा भाता. गार झालेला चहा. रिक्षाचा हॉर्न. दोनदाच म्हटलेलं ‘येतो’.

तबलजी अण्णा घरातून निघताना ‘येतो’ तीनदा म्हणायचे, अगदी तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तिहाईसारखं. तिसऱ्याला दार ओढलं की लॅचचा खटका, ती त्यांची सम. त्यावर आतून त्यांच्या पत्नीने, कुमुदिनीबाईंनी, ‘या’ म्हणायचं. जन्मभर त्या नाक मुरडत का होईना, म्हणत आल्या.

गेल्या महिन्यात मैफलीला निघताना अण्णा दोनदाच म्हणाले, आणि त्या मैफलीतच त्यांचं हृदय थांबलं. बाईंचं ‘या’ ओठांतच राहिलं. तेव्हापासून घरात काहीच जागेवर पडेना. ना घास, ना झोप.

आज अण्णांचे साथीदार, पेटीवाले भागवत, बाईंना भेटून निघाले.

“येतो, वहिनी.”

“पुन्हा म्हणा.”

“येतो.”

“अजून एकदा. घाई नको, तुमची लय पळते.”

“अण्णा गेले, आता तुम्ही माझ्या लयीत चुका काढा.” भागवत हसले. मग त्यांना उमगलं. दाराची मूठ धरून ते बेताने म्हणाले, “येतो.”

खट्.

“या,” बाई बंद दाराला म्हणाल्या.

अण्णांच्या त्या शेवटच्या सकाळी रिक्षा जरा लवकर येऊन हॉर्न वाजवत होती.