माशाच्या काट्याची फरशी

"बाबा, या की पुढे. फरशीच आहे," धाकटा म्हणाला.

खोलीच्या दारात उभ्या असलेल्या बाबांनी चौकट घट्ट धरली. समोर हॉलभर नवी व्हिनाइलची फरशी पसरली होती. माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पट्ट्या, एक गडद, एक फिकट.

"खड्डे आहेत," बाबा म्हणाले आणि माघारी फिरले.

धाकट्याने कपाळावर हात मारला. मागच्या खेपेला हेच बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. विसरणं वाढलं होतं. मुलाला ते कधी बाळ म्हणत, कधी साहेब. पण पाय शाबूत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालणं बंद पडलं की माणूस अंथरुणाला खिळतो, मग उठत नाही.

"तुला दुसरी मिळाली नाही?" तो ताईवर घसरला. "साधी एकरंगी घ्यायचीस. तुझी हौस होते आणि बाबांचे पाय जातात!"

ताई गुडघ्यांवर बसून घट्ट पिळलेल्या फडक्याने फरशी पुसत होती. दुकानात तिने अख्खी दुपार नमुने बघण्यात घालवली होती. पाणी ओतायचं नाही, मेण लावायचं नाही, खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाच्या टिकल्या चिकटवायच्या, सगळं तिला तोंडपाठ होतं. इतक्या निगुतीने तिने हल्ली स्वतःचे केसही विंचरले नव्हते.

"मऊ आहे रे ही. पडले तरी लागणार नाही."

"पडायला आधी चालावं लागतं!"

ताई पुसत राहिली. आई गेल्यापासून बाबांचं सगळं तीच बघत होती. ते कडी काढून निघून जायचे. कुलूप लावलं तर दार बडवून शेजारपाजार गोळा करायचे. एकदा भर रस्त्यात सापडले, ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. धाकटा फोनवर म्हणायचा, "लक्ष ठेव जरा." म्हणायला काय जातं!

आता बाबांचं फिरणं खोलीतून न्हाणीघरापर्यंत. तिथली जुनी फरशी ताईने बदलली नव्हती.

आतून बाबांचा आवाज आला. "अहो, कुणी आहे का? पलीकडे माझी माणसं आहेत. मला पोचवा हो."

धाकट्याला रडू आवरेना. त्याने डोळे पुसले आणि फरशी बसवणाऱ्याला फोन लावला. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या आहेत, चिकटवलेल्या नाहीत, उद्या दुपारपर्यंत निघतील, असं तो कारागीर म्हणाला.

"उद्या काढतोय सगळी," धाकट्याने सांगून टाकलं. मग ताईचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "जाऊ दे. चुकतं माणसाचं. पण निदान डॉक्टरांना एकदा विचारायचंस ना, ताई."

ताईने फडकं बादलीत पिळलं.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, अशी नक्षी चुकूनही टाकू नका, त्यांना खड्डे दिसतील, खोलीबाहेर पाऊल टाकणार नाहीत. तिथून मी सरळ दुकानात गेले."