बर्फाची वाट

वेल्कोच्या बायकोला जाऊन वर्ष झालं, म्हणून मुलगा प्लामेन सोफियाहून बायकापोरांसह एका दिवसासाठी गावी आला. टीव्हीवर जोरदार बर्फ सांगितला होता. घाट बंद झाला की दोन-चार दिवस तरी घर भरलेलं राहील, या आशेनं म्हाताऱ्यानं ढीगभर लाकडं फोडली होती, गोधड्यांना ऊन दाखवलं होतं.

जेवता जेवता प्लामेननं फोनवर हवामान पाहिलं.
“बाबा, दुपारनंतर बर्फ सुरू होणार म्हणतायत. इथं अडकायला नको. आम्ही निघतो लगेच.”

संध्याकाळी त्याचा फोन आला. “पोचलो बाबा. वेळेत निघालो म्हणून बरं. घाट बंद झाला असेल ना?”

वेल्को अंगणात उभा होता. आभाळ निरभ्र होतं आणि समोरचा रस्ता कोरडाठाक.



“झाला रे. बरं झालं गेलात.”