मनकर्णाबाईचा फोटो

कडूबानं पिशवी डाव्या हातानंच टेबलावर ठेवली. उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. पिशवीतून चौकट निघाली. काचेमागं छातीचा एक्स-रे, वर सुकलेला झेंडूचा हार.

"ही मनकर्णा," कडूबा म्हणाला. "बायकोचा दुसरा फोटो नाय माझ्याजवळ. पावसाळ्यात वल धरली, बरगड्या पुसट व्हायल्या. एक कापी काढून दे, अन्सारभाई."

अन्सार औरंगाबादच्या या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. छातीच्या फोटोत कपाळ येत नाही, म्हणून कुंकू चौकटीच्या लाकडाला लावलेलं होतं. त्यानं ते पाहिलं आणि स्टूल पुढं सरकवलं.

"बसा, चाचा. किती वर्षं झाली?"

"पाच. रोज सकाळी खिडकीत धरतो. उजेड आला की दिसती. मंग चहा पितो."

कडूबा आणि मनकर्णा देवगाव रंगारीहून एस.टी.नं इथंच आले होते, दोघंही खोकत. कडूबाच्या छातीत टीबीचा डाग निघाला, तिची छाती लख्ख. दीड वर्ष त्यानं सुया घेतल्या, गोळ्या खाल्ल्या. ती त्याला अंडी उकडून घालायची आणि तोंडाला पदर लावून म्हणायची, माझा काय, साधा खोकला. तो ठणठणीत झाला. ती त्याच उन्हाळ्यात गेली.

"लई धीराची," कडूबा म्हणाला. "एक गंमत सांगू? आमच्या गावच्या पुंजारामानं सांगितलं व्हतं, या मशिनीचा उजेड माणसाला आतून भाजतो. मी भ्यालो. हिलाच पुढं घातली. भाईर येऊन म्हणती, काय नाय वो, नुसती गार पाटी लागती छातीला. मंग मी गेलो."

"बरं."

"फोटोवर नावं घालताना कारकून इचारतो, पयलं आत कोण गेलं? मागं गावची चार माणसं उभी. म्हणलं, मीच. बाई कशी जाईल पुढं? ही पदरात हसली, पर बोलली नाय."

अन्सारनं फिल्म चौकटीतून काढून खिडकीशी धरली. मग डोळ्यांजवळ नेली.

"चाचा, बाईचं गळ्याजवळचं हाड कधी मोडलं होतं का? उजवीकडचं?"

"तिचं? नाय बा," कडूबा म्हणाला. "ते माझं मोडलं. बैलगाडीवरून मी पडलो व्हतो."