घरात आधी कोणाला?

"घरात आधी कोणाला असा त्रास होता?" डॉक्टर येलेवांनी विचारलं.

"छे हो! आमच्याकडे सगळे धडधाकट," स्तोयांका म्हणाली. मुलगा प्लामेन बाहेर बाकावर बसला होता. सव्वीस वर्षांचा, तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याला उठवून गावाहून व्रात्सा शहरापर्यंत आणताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

डॉक्टरबाई समजावत राहिल्या. या आजारात माणूस आठवडेच्या आठवडे उठत नाही. आणि कधी अंगात दहा जणांचं बळ संचारतं. झोप नको, जेवण नको, डोक्यात नुसते बेत. "बायपोलर म्हणतात याला. हा आळस नाही, की नाटक नाही."

स्तोयांकाचं लक्ष उडालं. तिचा नवरा, ग्रोझ्दान. एका वसंतात त्यानं मधमाश्यांच्या चाळीस पेट्या ठोकल्या, सगळ्या निळ्या रंगवल्या, आणि गाय विकून अकॉर्डियन आणलं. अंगणात वाजवायचा, अख्खं गाव नाचायचं. थंडी पडली तसं त्यानं जे अंथरूण धरलं, ते सोडेचना.

"पुरुष आहेस का बटाट्याचं पोतं?" ती दारातूनच ओरडायची. "तुझ्यापेक्षा गाढव बरं, लाकडं तरी वाहून आणतं!"

एकदाच तो म्हणाला होता, "मला उठताच येत नाहीये गं." ती हसली होती. पुढच्या आठवड्यात तो नदीत सापडला. प्लामेन तेव्हा तीन वर्षांचा होता.

"बरा होईल ना हो?" तिनं विचारलं.

"गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्त तपासत राहायचं. मग कामाला जाईल, संसारही करेल. लिथियम जुनं औषध आहे."

"जुनं म्हणजे? तेवीस वर्षांपूर्वी मिळायचं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मिळायचं."

चिठ्ठी घेऊन ती बाहेर आली, प्लामेनच्या शेजारी बसली. त्यानं मान वर केली नाही.

"काय म्हणाली डॉक्टर? तू म्हणतेस तेच ना? आळशी बापाचा आळशी पोरगा?"

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आजारी होते रे तुझे बाबा," ती म्हणाली.