हळद उतरवणारा प्लग-इन

"एका क्लिकमध्ये चेहरे उजळतात म्हणे. पी हळद आणि हो गोरी," असं म्हणत केतकीनं परवाच्या हळदीचे सगळे फोटो नव्या प्लग-इनच्या हवाली केले. तो फुकट वापरायची मुदत आज संपत होती. तिच्या फोटो स्टुडिओतला भागीदार धैर्यशील सकाळपासून मागे लागला होता, विकत घेऊन टाकू, डोळेफोड तरी वाचेल.

फोटो तयार झाले आणि दोघं बघतच राहिले. पिवळा रंग म्हणजे बिघाड असं समजून त्या शहाण्यानं झाडून सगळ्यांची हळद उतरवली होती. नवरी पांढरीफटक, आणि करवल्या तिच्या गालाला कोरेच हात लावून खिदळत होत्या. केतकी हसता हसता खुर्चीवरून घसरली.

शेवटच्या फोटोत नवरीच्या घरच्यांनी या दोघांनाही ओढलं होतं. तो बघून धैर्यशीलचा चेहरा पडला.

"नको घ्यायला हा प्लग-इन."

"का रे? मघाशी तर मागे लागला होतास."

"माझ्याही गालावरची उतरवली यानं. लग्न न झालेल्याला हळद लागली की पुढचा नंबर त्याचा, म्हणतात. मागून कुणी लावली ते दिसलं नाही, पण मी खूश होतो."

केतकीनं हसू दाबत मूळ फोटो परत आणला. त्याच्या गालावर चार पिवळी बोटं उमटलेली होती. धैर्यशीलनं ती पाहिली, मग माउसवरची तिची बोटं पाहिली. दोन दिवस साबणानं घासूनही त्यांचा पिवळेपणा हटला नव्हता.

"आता घासू नकोस," तो म्हणाला.