एक फुल, विजापूर

शिट्टी वाजवून पाच मिनिटं होऊन गेली, तरी खुद्द गाईडच आला नव्हता.

नळदुर्ग किल्ल्याबाहेर गाडी चालू करून उभी होती. आत एकतीस प्रवासी आपापल्या जागेवर. गाईड विरेश लांब बुरुजावर, हातात झेंडी धरून कंपनीसाठी रील काढत होता. चौथ्यांदा. आधीच्या तिन्ही वेळा ऐन वाक्याला मागून शेळी आली होती.

नियम त्याचाच होता. ‘ऐतिहासिक शहरांची सफर’ कळंबहून निघाली तेव्हा त्यानं सगळ्यांच्या एका कागदावर सह्या घेतल्या होत्या. शिट्टी वाजल्यावर गाडी पाच मिनिटं थांबेल, मागं राहील त्यानं एसटीनं यावं. बदामीला त्यानं एका जोडप्याला खरंच सोडलं. ते पुढच्या मुक्कामाला कोंबड्यांच्या टेम्पोतून आले, आणि नवऱ्याच्या डोक्यातून दोन दिवस पिसं निघत होती.

सगळ्यात जास्त शिट्टी बसली ती मालनबाईला. तिचे गुडघे कामातून गेलेले. बिदरला तिनं किल्ल्याचा दरवाजा पाहिला. गुलबर्ग्यात दरवाजाकडं जाणारा रस्ता पाहिला. बदामीला पार्किंग पाहिलं, पण ते मात्र अगदी नीट पाहिलं. या सगळ्याचं तिला काही वाटलं नाही. तिला हवा होता फक्त विजापूरचा गोल गुंबज. चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं की तिथं एक हाक मारली की सात वेळा परत येते. घरात तिची हाक एकदासुद्धा कुणाला ऐकू जात नव्हती. काल ती जिन्याच्या अकराव्या पायरीवर पोचली आणि खालून शिट्टी आली.

शेजारी तिचा नवरा पिराजी, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर. तो रिटायर झाला म्हणून पोरानं, सुगतनं, दोघांना या सफरीला पाठवलं होतं. निघताना मालनबाईनं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं: गाडीत पाशिंजरासारखं बसायचं, मधी बोलायचं न्हाय. पिराजी चार दिवस हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

“सात मिनिटं झाली,” तो घड्याळाकडं बघत पुटपुटला.

मालनबाईनं बुरुजाकडं पाहिलं. शेळी पाचव्या रीलसाठी जागेवर येत होती.

“मग बघताय काय?” ती म्हणाली. “उठा की.”

पिराजी उठला. शर्ट खाली ओढला, मधल्या वाटेनं मागं जाऊन डोकी मोजली, पुढं येऊन दार लावलं. घंटीची दोरी या गाडीला नव्हती. त्यानं किल्लीनं दांडीवर दोनदा टक टक केलं. डबल बेल.

ड्रायव्हर सिद्रामप्पा चार दिवस त्याला काका म्हणत होता. आता त्यानं आरशातून पाहिलं आणि गिअर टाकला. “चला मास्तर.”

गाडी हलली तसा बुरुजावरून शिट्टीचा आवाज आला. मग पिराजीला विरेशचा फोन आला.

“काका, अहो पाच मिनिटं थांबायचं की!”

“थांबलो की. सात झाली. साक्षीदार म्हणून तुमचीबी सही हाय कागदावर. आता असं करा, तुळजापूरची एसटी धरा, तिथनं कळंबची. खिडकीला बसा, हवा लई छान लागती. जय भीम.”

पुढं फाटा आला. उजवीकडं तुळजापूर आणि घर, सरळ सोलापूर आणि विजापूर. सिद्रामप्पानं गाडी बाजूला घेतली. पिराजी मालनबाईच्या सीटजवळ येऊन उभा राहिला. चौतीस वर्षं त्यानं लाखो माणसांना विचारलेला प्रश्न बायकोला कधीच विचारला नव्हता.

“बोला बाई, कुठं जायचं?”

मालनबाईनं पदर सावरला. “विजापूर. एक फुल.”

“दोन,” मागच्या सीटवरचे आण्णासाहेब म्हणाले. “काल आमचं संडासाच्या रांगेतच विजापूर झालं.” मग सगळी गाडीच विजापूरची निघाली.

“मालकाला काय सांगायचं?” पिराजीनं विचारलं.

“टायर बसला म्हणतो की,” सिद्रामप्पा म्हणाला. “माझी सासुरवाडी हाय तिथं. जेवूनच येतो मी.”

गोल गुंबजचा जिना चढायला मालनबाईला पाऊण तास लागला. ती प्रत्येक वळणावर बसली, पाणी प्याली, येणाऱ्याजाणाऱ्याला गुडघ्यांची हकिकत सांगितली. शिट्टी कुणी वाजवली नाही. वाजवणारा तेव्हा तुळजापूरच्या स्टँडवर खिडकीच्या जागेवर रुमाल टाकत होता.

वर पोचल्यावर एकतीस माणसं गप्प झाली. पिराजीला वाटलं, आता ही सुगतला हाक मारणार. मालनबाईनं कठडा धरला, छाती भरून दम घेतला आणि ओरडली, “पाच मिनिटं!”

घुमटानं ती पाच मिनिटं एक-एक करून सात वेळा परत केली. मालनबाई बोटं दुमडत मोजत होती. शेवटची आली तशी तिनं भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब सोडले.

“पस्तीस मिनिटं झाली,” ती नवऱ्याला म्हणाली. “बसा आता.”